समुद्र दिसणारी खोली

बीरशेवा
२५ सप्टेंबर १९९६

प्रिय आई,

आम्ही तिघंही सुखरूप आहोत, हे आधी वाचून घे आणि मग सावकाश पुढचं वाच. पत्राला उशीर झाला. पण खरं सांगू, काय लिहावं तेच कळेना. दीना दहा वर्षांची पोर, तीसुद्धा रोज विचारते, आजीला पत्र कधी लिहिणार, म्हणजे बघ.

आज लिहायला बसले, कारण परवा जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. परवा किप्पूर झाला. तुझा दारफळणीचा सण, दारं लावून उपास करायचा. करोल बागेत आपण दार लावायचो, पण बाहेर बाजार सुरूच असायचा. पप्पा ऑफिसात ‘घरगुती काम’ असं लिहून रजा टाकायचे, आणि शेजारचे खन्ना अंकल दर वर्षी जिन्यात विचारायचे, “आज किस की तबियत ख़राब है जी?” अख्ख्या गल्लीत आपलंच एक ज्यू घर, आपण एकटे उपाशी.

आई, इथं सगळ्या देशानं दार लावलं. दुपार कलल्यावर बस थांबल्या, दुकानं बंद झाली, रेडिओ बंद झाला, विमानं उतरायची थांबली. संध्याकाळी आम्ही खाली गेलो, तर हमरस्त्यावर एकही गाडी नाही आणि शेकडो मुलं सायकली चालवतायत! सिग्नलचे पिवळे दिवे कोणासाठी कोण जाणे, लुकलुकत होते. पांढरे कपडे घातलेली माणसं रस्त्याच्या मधोमध शांतपणे चालत होती. मी तिथंच उभी राहिले आणि रडायला लागले. एझ्रा घाबरला, म्हणाला, “काय झालं?” म्हटलं, “पप्पा असते तर त्यांना रजा टाकावी लागली नसती.”

बाकी हाल विचारशील तर, नव्यानं आलेल्यांच्या वसतिगृहात दोन खोल्या मिळाल्यात. सकाळी हिब्रूचा वर्ग. एझ्राची दिल्लीची फॅक्टरी बंद झाली तेव्हा वाटलं होतं, आता ह्या वयात कोण घेणार? पण इथं वाळवंटातल्या एका केमिकल फॅक्टरीत त्याला घ्यायला तयार आहेत. कचेरीतल्या बाईनं भिंतीवरचा नकाशा दाखवून विचारलं, “कुठल्या गावात राहणार?” जन्मात असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. अख्खा देश पुढ्यात, आणि बोट ठेवायचं! दिमोनात आपली माणसं खूप, लोदमध्ये एझ्राचा चुलतभाऊ, अश्दोदला समुद्र. हिवाळ्यात ठरवायचंय.

तू बिल्कुल काळजी करू नकोस. तुला आवडेल असंच गाव निवडीन. मी तुझी एकुलती एक, तू आल्याशिवाय आमचं बिऱ्हाड पुरं होणार नाही.

तुझी,
नाओमी


द्वारका
३ नोव्हेंबर १९९६

चि. नाओमी,

वरचा पत्ता वाचून घाबरू नकोस. मी पळून गेलेली नाही.

घरमालकाच्या मुलाला खाली शोरूम काढायचंय, तो कधीचा मागे लागला होता. इतक्यात सोसायटीच्या फ्लॅटची किल्ली मिळाली. तुझे पप्पा सोसायटीचे सभासद झाले तेव्हा मी त्यांना वेड्यात काढलं होतं. दर रविवारी बस बदलत जायचे आणि मोहरीच्या शेताकडे बघून परत यायचे. त्या शेतात आता माझं स्वयंपाकघर आहे. पूर्वी दिल्लीच्या ह्या टोकाला पप्पनकलां म्हणत, आता द्वारका म्हणायचं. मी चौथ्या मजल्यावर. लिफ्टचं दार आहे, आत लिफ्ट नाही.

तुला वाटेल म्हातारी जंगलात जाऊन बसली. बसलेच आहे. एवढ्या मोठ्या इमारतीत राहायला आलेली आम्ही मोजकी माणसं. रस्ते इतके रुंद की पलीकडे जायला धीर लागतो, आणि त्यांवर गाडी म्हणून नाही. संध्याकाळी मोर ओरडतात. पाणी टँकरचं. पण पहिल्या दिवशी सकाळी मी गॅलरीत गेले, आणि काय सांगू तुला, आकाश! चाळीसवर वर्षं करोल बागेत राहिले, तिथं आकाश म्हणजे विजेच्या तारांमधून दिसेल तेवढं. इथं ते खाली जमिनीपर्यंत येतं. मी बघत राहिले आणि आत दूध उतू गेलं. विमानं इतकी खालून जातात की चाकं दिसतात. प्रत्येक विमान बघून वाटतं, ह्यात नाओमी होती का?

एक गंमत सांगते. दाराच्या चौकटीला मी मेझुझा लावला. समोरच्या हौसाबाई पहिल्यांदा आल्या, त्या त्याच्यावर बोट दाबून उभ्याच. त्यांचे यजमान फौजेतले सुभेदार, अजून छावणीत ड्यूटीवर. मी दार उघडल्यावर म्हणतात, “बाई, तुमची घंटी वाजत न्हाई.” मी सांगितलं, ही घंटी नाही, आत देवाचं वचन आहे. तेव्हापासून येताजाता मेझुझाला हात लावून नमस्कार करतात. मग मीही काही बोलले नाही.

तू अब्राहामाच्या गावात राहतेस, आणि मला बसचं आणि नकाशाचं लिहितेस! लहानपणी पप्पांच्या मांडीवर बसून त्या विहिरीची गोष्ट ऐकायचीस. विहीर बघितलीस का? पाणी आहे का तिला? सगळं लिही.

माझं इथलं म्हणजे तुझ्याकडे येईपर्यंतची सोय.

फोनचं एक्स्चेंजच अजून उभं राहिलेलं नाही, तेव्हा पत्र टाकत जा.

आशीर्वाद.
आई


अश्दोद
१२ जानेवारी १९९७

प्रिय आई,

तुझं पत्र मी आणि एझ्रानं आळीपाळीनं मोठ्यानं वाचलं. हौसाबाईंची घंटी वाचून एझ्राला ठसका लागला.

विहीर पाहिली. बाजाराच्या कडेला आहे, भोवती गाड्यांची वर्दळ. मी कठड्यावर हात ठेवला. तुला माहितेय, मी काही फार देवभोळी नाही. पण हजारो वर्षं आपण ज्याचं नाव घेतो तो माणूस इथं तहानलेला आला होता, असं मनात आलं आणि मला मान वर करवेना.

मग एका शुक्रवारी वसतिगृहानं आम्हाला वाळवंटात नेलं. मिट्झ्पे रामोन म्हणून ठिकाण आहे. बस थांबली, आम्ही चार पावलं चाललो आणि पुढे जमीनच नाही. खाली एवढा प्रचंड खड्डा की त्यात दिल्ली ठेवली असती तर शोधावी लागली असती. तांबडे, जांभळे, पिवळे डोंगर त्याच्या तळाशी. आवाज नाही. वारासुद्धा थांबला होता. दीनानं माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, “आई, इथं बोललं तर चालतं?” रात्री वसतिगृहाच्या गच्चीवर आले तर तारे इतके की आपलं मृग नक्षत्र त्यात हरवलंय. मी एझ्राला म्हटलं, माणूस इथं राहिला तर त्याला खोटं बोलणं जड जाईल. तो म्हणाला, मग तुझी आई इथं काय करणार? रागावू नकोस, तो असाच आहे.

बरं, मुख्य बातमी. वरचा पत्ता वाचलास ना? आम्ही अश्दोद निवडलं! इथं समुद्र आहे, आई. भाजीबाजारात मराठी ऐकू येतं. परवाच एक बाई ओरडत होती, “अगो, कोथमीर बघून घे!” घर तिसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, लिफ्टचं दार उघडलं की आत लिफ्टही असते. तीन खोल्यांपैकी कोपऱ्यातली तुझी. खिडकी उघडली की समोर समुद्र. मासे ताजे, आपल्याला चालणारे, खवल्यांचेच. तुला माहेरी रेवदंड्यात असल्यासारखं वाटेल. मुंबईला गेलो की तू चौपाटीवर कशी एकटक बघत उभी राहायचीस, मी विसरलेली नाही. तुझी आयुष्याची भूक आहे ती, आणि आता ती भागणार.

एझ्रा मजेत. त्याची बस पहाटे असते. काम छान आहे.

तुझे कागद मी इथून सुरू केले. उन्हाळ्यापर्यंत तू इथं. तुझ्या खोलीला कुठला रंग देऊ ते कळव.

तुझी,
नाओमी


द्वारका
९ फेब्रुवारी १९९७

चि. नाओमी,

पत्र पोचलं. खोलीला पांढरा रंग दे, पांढऱ्याला काही बिघडत नाही.

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. वाळवंटावर तू पान भरून लिहिलंस. समुद्रावर लिहिलंस, ‘समोर समुद्र.’ असो. नवं घर, गडबडीत असशील.

इथं थंडी कमी झाली. ह्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की दिल्लीचं हिवाळ्यातलं ऊन काय चीज आहे. करोल बागेत ते शेजाऱ्याच्या गच्चीवर पडायचं. इथं आम्ही बायका दुपारी गच्चीवर चटया टाकतो, मटार सोलतो, आणि ऊन पाठीवरून मांडीवर येईपर्यंत हलत नाही. लतिका असते, पुण्याची, शिकलेली. तिचा नवरा कौस्तुभ गुडगावला अमेरिकन कंपनीत आहे, तो घरी येतो तेव्हा ही अर्धी झोपेत असते. संक्रांतीला आम्ही जिन्याजिन्यानं तिळगूळ वाटला. सरदारजींच्या घरी दिला तर त्यांनी आम्हालाच सरसों का साग खायला बसवून घेतलं.

आणखी एक लिहायचं राहत होतं. इथं आल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी मी आपला शब्बाथचा काचेचा दिवा लावला, टांगला खिडकीतच, कारण छताला हूक नव्हता. नेमकी सगळीकडची वीज गेली. खाली ह्या लतिकाचं सामान उतरत होतं. ती म्हणते, अख्ख्या काळ्या इमारतीत तेवढी एकच खिडकी दिसत होती, ती बघूनच वर यायचा धीर झाला. आता दर शुक्रवारी ती येते, म्हणते, “काकू, दिवा मी बघू?” बघते आणि जाते. प्रार्थना काही कळत नाही तिला. मलाही सगळी कुठे कळते?

माझ्या येण्याचं म्हणशील तर गुडघा फार दुखतो. पासपोर्टचा फोटो काढायला करोल बागेत जावं लागतं. शिवाय हुमायून रोडला पप्पांच्या कबरीवरचा दगड एका बाजूनं खचलाय, तो नीट करून घ्यायचाय. उन्हाळ्याचं एवढ्यात नको धरूस.

पहाटेची बस म्हणजे किती पहाटे? आणि फॅक्टरी वाळवंटात ना?

आशीर्वाद.
आई


द्वारका
२० मार्च १९९७

नाओमीताईंना नमस्कार,

मी लतिका, काकूंच्या खालच्या मजल्यावर राहते. तुमचं पत्र माझ्या नावानं आलं, ते मी काकूंना दाखवलेलं नाही, तुम्ही म्हणालात म्हणून. पण मला हे फार वेळ जमणार नाही, कारण त्या माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखतात.

तुम्ही विचारलंत, “आई एकटी पडली आहे का, आणि यायला घाबरते आहे का?” आणि त्यांना समजवायला सांगितलंत. मी प्रयत्न केला. जमलं नाही, कारण एकटं पडण्याचं म्हणाल तर, ताई, त्यांना एकटीनं चहा प्यायला मिळत नाही. टँकर कुठल्या ब्लॉकला आधी, ह्यावरून इथं मारामारीची वेळ आली होती. काकू मधे खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, “अच्छा, पहले सब लोग चाय पियो.” आता पाण्याची कमिटी म्हणजे त्याच. गुडघा दुखतो खरा, पण चार मजले दिवसातून कितीदा चढतात त्याला हिशेब नाही. लिफ्ट आली तेव्हा नारळ त्यांच्या हातून फोडला. नाही म्हणत होत्या, “आमच्यात असं नसतं,” पण हौसाबाईंनी हातात दिला, मग फोडला, आणि खोबरं सगळ्यांच्या आधी त्यांनीच खाल्लं.

पण एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी. त्यांनी बॅग भरून ठेवली आहे. फोटोही काढले, पासपोर्ट आलासुद्धा. मी म्हटलं, “मग तुम्ही जाणार?” म्हणाल्या, “मुलीनं बोलावलं म्हणजे जायलाच हवं. तिनं खोली घेतली माझ्यासाठी.” मी विचारलं, “आणि तुम्हाला जावंसं वाटतं का?” तर माझ्याकडे इतकं आश्चर्यानं बघितलं की मलाच काहीतरी आगाऊपणा केल्यासारखं झालं. मग उठून कणीक मळायला लागल्या.

मी लहान आहे, तुमच्या घरातलं बोलायचा मला हक्क नाही. पण लिहिल्यावाचून राहवलं नाही.

तुमची,
लतिका


अश्दोद
१३ एप्रिल १९९७

प्रिय आई,

लतिकाला रागावू नकोस, तिला मीच लिहिलं होतं. पासपोर्ट आला आणि तू मला कळवलं नाहीस!

मी आज तुला सरळ लिहिणार आहे. इथं समुद्रावर बाकं आहेत. संध्याकाळी मी तिथं जाते. रोज एक म्हातारी बाई तिथं बसलेली असते, लुगडं, वर स्वेटर, पनवेलची. मुलानं दहा वर्षांपूर्वी आणलं. परवा मी तिच्या शेजारी बसले आणि सहज विचारलं, “आजी, इथं आवडतं का तुम्हाला?” ती म्हणाली, “मुलगा चांगला आहे हो. सून पण चांगली. पण आवडतं का, ते मला कोणी विचारलं नव्हतं. म्हणून मी कधी ठरवलं नाही.”

आई, मी घरी आले ती पळतच. ह्या देशाच्या कचेरीतल्या एका अनोळखी बाईनं मला विचारलं, कुठल्या गावात राहणार, तर मी हरखून गेले, तुला लांबलचक पत्र लिहिलं. आणि तुला मात्र मी विचारलं, खोलीला रंग कुठला?

तर आता विचारते. गाव नाही, खोली नाही, मी काय म्हणेन तेही नाही. तुला कुठं राहायचंय?

आणि तू ओळखलंयसच, तरी लिहिते. एझ्रा अंधारात निघतो आणि अंधारात परत येतो. अश्दोद मी तुझ्यासाठी निवडलं. तो एका शब्दानं बोलला नाही. तू येऊन खिडकीत उभी राहिलीस की सगळं वसूल होईल, असं आम्ही एकमेकांना सांगतो. मला स्वतःला समुद्र कसा वाटतो, म्हणशील तर चांगला आहे. पण रात्री डोळे मिटले की मला तो खड्डा दिसतो आणि ती शांतता.

खरं ते लिही. मला भीती वाटते तुझ्या उत्तराची, पण लिही.

तुझी,
नाओमी


द्वारका
४ मे १९९७

माझी नाओमी,

तुझं पत्र आलं त्याला पुष्कळ दिवस झाले. उत्तर द्यायला बसायची आणि उठायची. आजही कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत कोरा कागद घेऊन बसले होते.

आधी सोपं लिहिते. मला समुद्र आवडत नाही.

हसलीस ना? हस. मासा आवडतो म्हणून समुद्र आवडलाच पाहिजे का? मटण आवडतं म्हणून मी गोठ्यात राहायला जाईन का? रेवदंड्याला आमचं घर बंदराजवळ होतं. माझे वडील मुंबईला नोकरीला, शुक्रवारी लाँचनं यायचे. पावसाळ्यात आई मला घेऊन धक्क्यावर उभी राहायची आणि समोर पाण्याचे डोंगर. कधी लाँच यायची, कधी दुसऱ्या दिवशी यायची. ते नेहमी आले, कधी काही वाईट झालं नाही. पण ती वाट बघणं माझ्या अंगात बसलं. आपले पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, म्हणजे ज्यानं बुडवलं तोच हा. चौपाटीवर मी एकटक बघायची, कारण तू आणि पप्पा पाण्यात पाय घालून उभे असायचात आणि मी तुमच्यावरची नजर हलवत नव्हते. तुला ती भूक वाटली! सांगायला हवं होतं मी. पण कोकणातल्या बाईला समुद्र नको वाटतो, हे कोणाला सांगायचं?

लग्न होऊन दिल्लीला आले त्या पहिल्या रात्री मला झोपच लागेना. कान लावून पडले होते, गाज कुठं गेली म्हणून. मग कळलं की ती इथं नाहीच. इतकी गाढ झोपले की दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी हलवून उठवलं.

आता अवघड लिहिते. रेवदंडा वडिलांचं. दिल्ली तुझ्या पप्पांच्या नोकरीची. करोल बाग सासऱ्यांनी ठरवली, कारण तिथं त्यांच्या ओळखीचा एक जण राहायचा. मी कुठंच दुःखी नव्हते, कोणी छळलं नाही. फक्त कोणी विचारलं नाही, आणि मलाही विचारायचं असतं हे माहीत नव्हतं. ह्या द्वारकेत आले तीसुद्धा किल्ली मिळाली म्हणून. पण आल्यावर काय झालं, ते मला नीट लिहिता येत नाही. मी आले तेव्हा इथं काही नव्हतं, आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक खिडकी उजळत गेली. पहिली भाजीवाली आली तिला आम्ही हाक मारून बोलावली. पहिलं झाड आम्ही लावलं, पाणी विकतचं घालून. ह्या वयात गाव जन्माला येताना बघायला मिळालं मला. संध्याकाळी गॅलरीत उभी राहते आणि नवल करत राहते, हे मला कसं काय मिळालं?

पप्पांच्या कबरीचं मी लिहिलं होतं. तो दगड केव्हाच नीट झाला. लोकांना ते कारण पटतं, म्हणून पुढे करत होते. पप्पा असते तर बॅग घेऊन तुझ्याकडे निघाले असते आणि मीही मागोमाग निघाले असते.

तू विचारलंस म्हणून सांगते. मला इथं राहायचंय.

लिहिलं बाई एकदाचं. तुला वाटेल, आईला पोटच्या मुलीपेक्षा सिमेंटची इमारत जवळची झाली. तसं नाही गं. तुझी आठवण आली की मी सरळ बसून रडते, लतिकाला विचार. दीनाचा आवाज कसा होता तो मला आता नीट आठवत नाही आणि त्यानं जीव तुटतो. तरी मला इथंच राहायचंय. दोन्ही खरं आहे.

तू बोलावशील तर मी येईन, बॅग तशीच आहे. पण तू विचारलं होतंस.

तू तुझ्या वाळवंटात जा. तिथं अब्राहामाचं पाणी आहे. नव्या घरात गेलीस की मलिदा कर, त्याला लागणारे पोहे तिथं मिळतात असं ऐकलं. नवसाला पावणाऱ्या एलियाहू हन्नबीचं नाव घे, वाटीभर माझ्या नावानं शेजारी दे.

तुझी,
आई


बीरशेवा
७ सप्टेंबर १९९७

प्रिय आई,

इतके महिने पत्र नाही म्हणून तू काय काय समजली असशील! मी तुझ्याशी भांडत होते. मनातल्या मनात, भांडी घासताना, रस्त्यानं जाताना. पहिल्या आठवड्यात तर मी एझ्राला सांगितलं, बोलावूनच घेते, बॅग भरलेलीच आहे, आल्यावर रमेल. त्यानं तुझं पत्र फक्त माझ्यासमोर आणून ठेवलं. ‘दोन्ही खरं आहे’ ह्या ओळीशी मी रडले ती दीना शाळेतून येईपर्यंत.

मला फार वाईट वाटलं, आई. अजूनही वाटतं. तुला ते कळायला हवं, म्हणून लपवत नाही.

जुलैत आम्ही इकडे आलो. दोनच खोल्या आहेत, शहराच्या अगदी टोकाला. आमच्या मागे एक रस्ता तयार होतोय आणि त्याच्यापुढे काहीच नाही, सरळ वाळवंट. संध्याकाळी भटक्या बेदुईन लोकांचे उंट रस्ता ओलांडतात आणि सगळे ट्रक मुकाट्यानं थांबतात. इमारतीत सहा बिऱ्हाडं, इथिओपियाची, रशियाची, मोरोक्कोची. कोणाला कोणाची भाषा येत नाही. मलिदा केला. पोहे मिळाले, ओला नारळ मिळाला नाही, सुका घातला. वाटी घेऊन समोरच्या दारात गेले तर इथिओपियाच्या आजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि आत जाऊन ताज्या भाजलेल्या बियांची कॉफी करून घेऊन आल्या. कोण, कुठली, काही विचारलं नाही. आम्ही जिन्यातच बसून खाल्लं, कॉफी प्यायलो, आणि बाहेर वाळवंटाचा रंग बदलत होता. तेव्हा मला तू दिसलीस. तुझ्या गॅलरीत तुला काय होतं, ते मला तिथं बसल्या बसल्या कळलं.

म्हणून परवा तिकीट काढलं. सोबत पाठवते आहे. पुढच्या महिन्यातले आपले सण संपले की ये, दीना तुला घ्यायला विमानतळावर येणार आहे, तिचा आवाज तू तिथंच ऐक. माझ्या पलंगावर झोप, मी खाली झोपेन. तुला मी तो खड्डा दाखवीन. समुद्राच्या रस्त्यानं नेणारसुद्धा नाही.

तिकीट काढून देणारी बाई स्वतः रशियाहून आलेली आहे. तिच्याकडे सगळे आपले आईबाप कायमचे आणायला जातात. माझं ऐकून तिला वाटलं माझं हिब्रू चुकतंय. तिनं सावकाश, एकेक शब्द तोडून विचारलं, “आईचं तिकीट. येण्याचं?”

“येण्याचं आणि जाण्याचं.”

“जाण्याचं कशाला? मुलगी इथं, नात इथं. ती परत कुठं जाणार?”

मागच्या रांगेतली माणसं बघायला लागली. मग मी सांगितलं, “घरी.”

तुझी,
नाओमी